हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात मी तहसिलात जातो
आणि जिवंत असल्याचं सिद्ध करतो.
यंदा मशीन आलंय. काचेवर अंगठा ठेवायचा.
हिरवा दिवा लागला तर माणूस आहे,
लाल लागला तर नाही.
लाल लागतोय.
"पुन्हा ठेवा, बाबा," पोरगी म्हणते. "पुसून ठेवा."

पुसून जायचं नाही ते.
वातीला काडी लावताना भाजलेला अंगठा आहे,
हिंगणवाडीच्या नाक्यावर, अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात.
मी सतरा वर्षांचा.

नाका म्हणजे पत्र्याची खोली, आडवा बांबू,
रांजण, आणि रेघा मारलेलं रजिस्टर.
बांबूच्या अलीकडं हाली रुपया, पलीकडं कळदार.
सरकार म्हणून आम्ही पाहिलं ते एवढंच.
हैदराबाद लई लांब.
शेषेराव गुरुजी म्हणाले,
जेवढं हाताला लागतं तेवढंच जाळा.

गुरुजी आधी शाळेत गणित शिकवायचे.
कॅम्पातही तेच:
नाका पेटला की रजाकार येणार.
रजाकार आले की जवळचं गाव पेटवणार.
गाव पेटलं की त्या गावची पोरं
कुणाकडं येणार?
आम्ही एका सुरात उत्तर दिलं.
गुळाची ढेप फुटली.
जवळचं गाव कोणतं, हे कुणी विचारलं नाही.
माळेवाडी. दीड कोस.
माझी मावशी तिथं दिलेली.
निरोप धाडला असता तर बेत फुटला असता.
मी निरोप धाडला नाही.

नाकेदार गुलाम दस्तगीर,
मिठा-घासलेटावर दोन आणे खाणारा,
बाळंतिणीची गाडी आली तर बांबू स्वतः उचलणारा.
रात्री खोली रिकामी असते, असं गुरुजी म्हणाले होते.
किंवा म्हणाले नव्हते, आणि आम्ही तसं ऐकलं.
सत्तर वर्षं झाली, मला नक्की सांगता येत नाही.
तो आत होता, हे मात्र नक्की.

रजिस्टर मी उचललं.
कॅम्पात उर्दू मला एकट्यालाच वाचता यायचं.
शेवटची ओळ त्याच दिवसाची:
नमक, दो बोरी. माफ.
"काय लिहिलंय रे?" गुरुजींनी विचारलं.
म्हटलं, हिशोब.

आठव्या दिवशी माळेवाडी पेटली.
मावशी विहिरीत सापडली.
एकतीस पोरं आली कॅम्पात, अंगाला धुराचा वास.
गुरुजींनी दोनदा मोजली.

रजाकार खरे होते. त्यांचे भाले खरे होते.
माझ्या चुलत्याला त्यांनी बाभळीला बांधून मारलं,
तेव्हा नाका शाबूत होता.
हे सोडून मला कुणी शहाणपण शिकवू नये.

सप्टेंबरात फौज आली. पाच दिवसांत राज्य गेलं.
मग दस्तगीरच्या भावकीची घरं पेटली.
ते गणित कुणी शिकवलं नव्हतं,
ते आमच्या पोरांना आपोआप यायला लागलं होतं.
गुरुजी आडवे पडले वाटेत, हात जोडून.
पोरं त्यांना ओलांडून गेली.
मी त्यांच्या उशाशी उभा होतो. गेलो नाही.
थांबवलंही नाही.

पेन्शनच्या अर्जात रकाना होता, कार्याचे स्वरूप.
मी लिहिलं, नाका जाळणे.
दोन शब्द बसले.
तिसऱ्याला जागा होती, पण थोडी.

"बाबा, दुसरं बोट बघू," पोरगी म्हणते,
आणि माझा हात हातात घेऊन
तर्जनी काचेवर दाबते.
हिरवा.
"झालं. आता पुढच्या वर्षी या."

बाहेर रिक्षावाला विचारतो, काम झालं का.
झालं म्हणतो.
रजिस्टर अजून घरी आहे, ज्वारीच्या कोठीमागं,
निळ्या फडक्यात.
सून दरवर्षी विचारते, रद्दीत टाकू का.
ती अक्षरं आता घरात कुणाला येत नाहीत.